हिंदी महासागर: उत्तरेला आशियाची भिंत, बाकी सगळं त्यातूनच आलं का?

रेखांश

पाठ्यपुस्तकातली हिंदी महासागराची ओळख साधारण अशी असते: क्षेत्रफळात तिसरा, सुमारे ७ कोटी चौरस किलोमीटर, सरासरी खोली पावणेचार हजार मीटरच्या आसपास, सर्वांत खोल जागा जावाजवळच्या सुंदा गर्तेत, सुमारे ७,२०० मीटर. पाठ करायला ठीक आहे. हा महासागर इतरांपेक्षा वेगळा का, ते यातून कळत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात: अटलांटिक आणि पॅसिफिक उत्तरेला थेट आर्क्टिकला भिडतात. हिंदी महासागर कर्कवृत्त ओलांडतो न ओलांडतो तोच संपतो. इराणचं आखात धरलं तरी ३० अंश उत्तर, बस्स. त्याच्या डोक्यावर आशिया बसलाय. ही जमीन उन्हाळ्यात तापते, हिवाळ्यात गार पडते, म्हणून वारे वर्षातून दोनदा उलटतात आणि वाऱ्यामागोमाग समुद्राचे प्रवाहही. सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा प्रवाह जून ते सप्टेंबर ईशान्येला धावतो, डिसेंबर ते फेब्रुवारी नैर्ऋत्येला. एवढा मोठा प्रवाह दिशा बदलतो हे दुसऱ्या कुठल्याच महासागरात नाही.

पाऊस, मासे, जुना व्यापार, हे सगळं मला या एका गोष्टीपाशी येऊन थांबताना दिसतं. पटतंय का? नसेल तर कुठे अडतं ते लिहा.

मतलई

पटतंय. जुन्या व्यापाराचा पुरावा देते. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत इजिप्तहून भारताकडे कधी निघायचं ते दिलंय: जुलैच्या सुमारास. म्हणजे नैर्ऋत्य वारे पाठीशी घेऊन अरबी समुद्र पार करायचा आणि जोर ओसरता ओसरता किनारा गाठायचा. त्यात आपली कल्याण, सोपारा आणि चौल ही बंदरं आहेत.

वेळ चुकली की काय होतं ते वास्को द गामाच्या तारखांत दिसतं. २४ एप्रिल १४९८ ला मालिंदीहून निघाला, २० मेला कालिकतजवळ पोचला. चार आठवडेसुद्धा लागले नाहीत. परतताना ऑक्टोबरच्या सुरुवातीला अंजदीव बेट सोडलं (कारवारसमोरचं, आज गोव्यात मोडतं) आणि मालिंदी दिसायला जानेवारी १४९९ उजाडला. तेच अंतर, तीन महिने. ईशान्य वारे नीट लागायच्या आधीच निघाला, वारा पडलेल्या मधल्या काळात अडकला आणि स्कर्व्हीने माणसं गेली. महिनाभर थांबला असता तर बरीचशी वाचली असती.

चहाबिस्कीट

थोडक्यात, गामाने रिझर्व्हेशन न करता सीझनमध्ये प्रवास केला.

सुकाणू

रेखांश, अर्धंच पटतंय. आजचं महत्त्व विचाराल तर ते वाऱ्यात नाही, दारांत आहे. या महासागरात शिरायच्या वाटा मोजक्या आणि बहुतेक अरुंद: होर्मुझ, बाब-अल-मंदेब, मलाक्का. चौथी वाट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, म्हणजे केपला, वळसा घालून.

होर्मुझमधून २०२४ साली रोज सुमारे २ कोटी बॅरल तेल आणि तेलपदार्थ जात होते, म्हणजे जगाच्या वापराच्या साधारण पाचवा हिस्सा. सामुद्रधुनी रुंद दिसली तरी जहाजांच्या ये-जा करण्याच्या पट्ट्या प्रत्येकी फक्त दोन सागरी मैल, मध्ये दोन मैलांचं मोकळं अंतर. पर्याय म्हणून सौदीची पूर्व-पश्चिम पाइपलाइन आहे, ती तेल यान्बूला नेते. पण यान्बू तांबड्या समुद्रावर! आशियाकडे यायचं तर पुन्हा बाब-अल-मंदेब. एक दार टाळलं की दुसऱ्या दारात उभे. अमिरातीची फुजैराला जाणारी लाइन त्यामानाने खरी सुटका, ती थेट ओमानच्या आखातात उघडते, पण तिची क्षमता बरीच कमी.

मलाक्काची अडचण रुंदीपेक्षा खोलीची. सिंगापूरजवळच्या फिलिप्स चॅनलमध्ये रुंदी पावणेतीन किलोमीटरवर येते, पण जहाज अडतं ते तळाला. वाटेत काही ठिकाणी पाणी २३-२५ मीटर, आणि तळाखाली साडेतीन मीटर पाणी राखायचा नियम. म्हणून साडेवीस मीटरच्या आसपास ड्राफ्ट (पाण्याखाली बुडालेला भाग) असलेली जहाजं ही तिथली मर्यादा. त्याहून खोल बसणारं जहाज इंडोनेशियातल्या लोंबोक सामुद्रधुनीने जातं. तिथे पाणी भरपूर, पण आखातातून जपानला जायला तीन-साडेतीन दिवस जास्त. सुंदा सामुद्रधुनी नकाशावर सोयीची दिसते, तिचं पूर्वेकडचं तोंड उथळ आहे, मोठी जहाजं तिकडे फिरकत नाहीत.

रेखांश

सुकाणू, पण ही दारं अरुंद का? उत्तर बंद म्हणूनच ना? उघडा महासागर असता तर दारं कशाला लागली असती?

सुकाणू

मलाक्काचं खापर आशियावर फोडू नका, ते पूर्वेला आहे. :) बाकी दोन मान्य.

केपच्या वाटेचा हिशेबही लिहून ठेवतो, कारण नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर तो सगळ्यांना करावा लागला. मुंबई ते रॉटरडॅम सुएझमार्गे सुमारे ६,३०० सागरी मैल, केपमार्गे सुमारे १०,७००. १४ नॉटने दिवसाला ३३६ मैल होतात. फरक भागा: १३ दिवस. एका खेपेला १३ दिवस म्हणजे तेवढाच माल वेळेवर पोचवायला जहाजं जास्त लागतात, भाडं वाढतं ते मुख्यतः त्यामुळे. नुसत्या इंधनाने नव्हे.

मॉरिशसकर

दोघांनाही नम्र विरोध. तुम्ही सगळे १० अंश उत्तरेच्या वरच्या पाण्याबद्दल बोलताय. या महासागराचा मोठा भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि १० अंश दक्षिणेच्या खाली काहीही उलटत नाही. आग्नेय व्यापारी वारे बारा महिने, प्रवाहांचं चक्र घड्याळाच्या उलट, अगदी दक्षिण अटलांटिकसारखं. 'हिंदी महासागर म्हणजे मोसमी' हे उत्तरेकडून बघणाऱ्यांचं मत.

इथली चक्रीवादळं नोव्हेंबर ते एप्रिल. नावं कोण देतं तेही रेखांशावर ठरतं: ५५ अंश पूर्वेच्या पश्चिमेला मादागास्कर, ५५ ते ९० मध्ये मॉरिशस. पावसाचं म्हणाल तर रियुनियनवर जानेवारी १९६६ मध्ये २४ तासांत १,८२५ मिमी पडला, तो जागतिक विक्रम आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी झाला होता, त्याच्या जवळजवळ दुप्पट. कारण वादळ आणि तीन हजार मीटरचा डोंगर एकाच ठिकाणी.

चहाबिस्कीट

ताम्हिणीवाल्यांनी शांतपणे विक्रमांची चर्चा थांबवावी.

बेसाल्ट

रियुनियनचा विषय निघालाच आहे तर सांगायलाच हवं: ते बेट आणि सह्याद्री एकाच चुलीवरचे.

६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत आजच्या रियुनियनच्या जागेवरून उत्तरेला सरकत होता. खालच्या तप्त ठिकाणातून लाव्हा फुटला, तो म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. भारत पुढे सरकला, तप्त ठिकाण साधारण तिथेच राहिलं आणि मागे ज्वालामुखींची रांग उरली. नकाशावर लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी ओळीने दक्षिणेला जा, मग मध्य हिंदी महासागरी पर्वतरांगेची फट ओलांडा, पलीकडे मॉरिशस आणि शेवटी रियुनियन, जिथे पितों द ला फुर्नेझ आजही पेटतो. १९८७ मध्ये सागरतळाला भोकं पाडून खडक काढणाऱ्या ओडीपी प्रकल्पाच्या ११५व्या मोहिमेत खडकांची वयं मोजली गेली: मालदीवजवळ सुमारे ५.७ कोटी वर्षं, चागोसजवळ ४.९ कोटी. क्रम बरोबर जुळला. लक्षद्वीपमध्ये वर दिसतं ते पोवळं, बेसाल्ट खाली खोल दडलाय.

आणि पूर्वेला ९० अंश रेखांशाला धरून जवळजवळ सरळ रेषेत ५,००० किलोमीटर गेलेली नाइन्टीईस्ट पर्वतरांग आहे. तीही अशीच, पण कर्गेलेनच्या तप्त ठिकाणाची.

मीठभाकर

बेसाल्ट, भारताच्या दक्षिणेला समुद्र १०० मीटर 'खाली' आहे असं वाचलं. मग जहाज त्या खड्ड्यात उतरतं आणि पुन्हा चढतं का? डिझेल किती लागतं? (अर्धा प्रश्न गंभीर आहे.)

बेसाल्ट

खड्डा खरा आहे, चढ नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला गुरुत्वाकर्षण कमी आहे, म्हणून तिथलं समुद्रपृष्ठ पृथ्वीच्या गणिती लंबगोलापेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे. पण पाणी नेहमी गुरुत्वाला काटकोनात उभं राहतं, त्यामुळे त्या पृष्ठावर कुठेही 'उतार' जाणवत नाही. जहाजाला काहीच कळत नाही, गोटी ठेवली तरी घरंगळणार नाही. कळतं ते उपग्रहाच्या उंचीमापकाला. कारणाबद्दल बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून २०२३ मध्ये आलेलं काम सांगतं की, टेथिस या नाहीशा झालेल्या प्राचीन समुद्राच्या खाली गेलेल्या तळामुळे आफ्रिकेखालचा तप्त भाग ढवळला गेला आणि त्यातला हलका खडक इथे वर आला.

कोलंबीप्रेमी

दगड झाले, तेल झालं. माशांवर कुणी बोलेल का?

खाजण

बोलतो, आणि रेखांश यांच्या मुद्द्यालाच धरून.

नैर्ऋत्य वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर ढकललं जातं आणि खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. जुलै-ऑगस्टमध्ये सोमालियाजवळ पाणी २० अंशांच्याही खाली जातं, विषुववृत्त हाकेवर असताना! केरळ ते गोवा किनाऱ्यावरही हेच होतं, पण सौम्य. त्यावर वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) वाढतं, त्यावर तारली.

आता उत्तर बंद असल्याची वाईट बाजू. प्लवक मरून खाली जातं, कुजताना प्राणवायू खातं. अटलांटिकमध्ये उत्तरेला थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी बुडतं आणि तळाला हवा पोचते. अरबी समुद्राला तशी उत्तरच नाही. ताजं पाणी येतं ते दूर दक्षिणेहून, वाटेत निम्मा प्राणवायू संपवून. इराणचं आखात आणि तांबडा समुद्र थोडं खारट, जड पाणी सोडतात, पण त्याने भागत नाही. परिणामी साधारण १५० ते १,००० मीटरच्या थरात प्राणवायू जवळजवळ शून्य.

पावसाळ्याच्या शेवटी हे पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर चढतं. वर पावसाच्या गोड्या पाण्याचा पाच-दहा मीटरचा थर झाकणासारखा बसलेला, त्यामुळे हवा खाली मिसळत नाही. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं कांदोळीसमोर सुमारे २७ मीटर खोलीवर मोजमापाचं ठिकाण आहे. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी प्राणवायू संपून हायड्रोजन सल्फाइडसुद्धा सापडतो. तळाचे मासे तेव्हा वर किंवा किनाऱ्याकडे सरकतात, म्हणून कधीकधी जाळं अचानक भरून येतं. ती बरकत नसते.

कोलंबीप्रेमी

बापरे. आणि बोंबील?

खाजण

बोंबलाचं गणित वेगळं, ते भरती-ओहोटीचं. खंबातच्या आखातासमोर भूखंडमंच (किनाऱ्यालगतचा उथळ तळ) ३०० किलोमीटरहून रुंद, कोचीसमोर साधारण ६०. उथळ आणि आखाताकडे निमुळतं होत जाणारं पाणी म्हणून भरती फुगत जाते: कोचीला जेमतेम मीटर, मुंबईला उधाणात साडेचार-पाच, भावनगरला दहाच्या घरात. डोल हे पिशवीसारखं जाळं खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाला लावतात, ओढत नाहीत. प्रवाहच मासे आत आणतो. पाणी थांबलं की जाळं उचलायचं, उशीर झाला तर प्रवाह फिरतो आणि माल बाहेर. म्हणून उधाणाला धंदा, भांगाला (लहान भरतीच्या दिवसांत) हात रिकामे. ओढ नसलेल्या पाण्यात डोल लटकतच राहते.

मतलई

भरतीची वेळ काढायचा जुना हिशेबही लिहा ना कुणीतरी. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, दोन्ही वेळा, दिवसा आणि रात्री. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला ढोबळ बरोबर येतो. पण त्याच्या भरवशावर खडकावर जाऊन बसू नये, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. छापील तक्ताच बघावा.

चहाबिस्कीट

धागा हिंदी महासागराचा, पोचला ससून डॉकला. महाराष्ट्रातल्या चर्चेची ही स्वाभाविक गती आहे.

पाणकावळा

मुद्द्यावर येतो. 'वारे उलटतात म्हणून पाऊस' इतकं सोपं असतं तर दरवर्षी सारखाच पडला असता. महासागराच्या आतही झोका आहे: इंडियन ओशन डायपोल, १९९९ मध्ये वर्णन झालेला. मोजायची रीत अशी. पश्चिमेला ५०-७० पूर्व, १० दक्षिण ते १० उत्तर हा चौकोन. पूर्वेला ९०-११० पूर्व, १० दक्षिण ते विषुववृत्त. दोन्हींत पृष्ठाचं तापमान नेहमीपेक्षा किती जास्त-कमी ते काढा, पश्चिमेतून पूर्व वजा करा. आकडा ठळकपणे धन असेल तर आफ्रिकेकडे ढग, इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियाकडे कोरड, आणि आपल्याला बहुधा मदत.

१९९७ ला एल निन्यो प्रचंड होता, तरी देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. त्या वर्षी डायपोल जोरात धन होता. २०१९ ला पुन्हा जोरात धन: भारतात ११० टक्के, पूर्व आफ्रिकेत पूर, ऑस्ट्रेलियात वणवे. मात्र याला नियम समजू नका. डायपोल सप्टेंबर-नोव्हेंबरात शिगेला पोचतो, तोवर आपला मोसमी पाऊस परतीला लागलेला असतो. जूनच्या पेरणीचा निर्णय त्यावर घेणारा फसतो.

मीठभाकर

मग बंगालच्या उपसागरात वादळं जास्त आणि अरबी समुद्रात कमी, हे कसं? दोन्ही उत्तरेला बंदच आहेत.

पाणकावळा

चांगला प्रश्न. गोड्या पाण्यामुळे. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती आणि वर पाऊस, यामुळे उपसागराच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर क्षारता हजारी ३० च्याही खाली येते. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त, तिथे ३६. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगत राहतं आणि खालच्या थंड पाण्याशी मिसळत नाही. वादळाला वरचं पाणी ढवळून थंड करता येत नाही, म्हणून त्याचं इंधन टिकतं. अरबी समुद्रात जून ते ऑगस्ट वारा ढवळतो, मेमधलं ३० अंशांचं पाणी ऑगस्टपर्यंत २७ वर येतं.

दोन्हीकडे ऐन पावसाळ्यात मोठी वादळं विरळा, कारण खालचे वारे नैर्ऋत्येचे आणि वरचे पूर्वेचे, वादळाचा खांब उभाच राहत नाही. म्हणून हंगाम दोन: एप्रिल ते जूनची सुरुवात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. निसर्ग ३ जून २०२० ला आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये. दोन्ही त्याच खिडकीतली.

सुकाणू

केपकडची एक गोष्ट राहिली. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याला अगुल्हास प्रवाह आहे, सेकंदाला सुमारे ७ कोटी घनमीटर पाणी, नैर्ऋत्येकडे. दक्षिणेला जाणारं जहाज २०० मीटर खोलीच्या रेषेच्या जरा बाहेर राहून तो वापरतं, फुकटात तीन-चार नॉट. पण नैर्ऋत्येचं वादळ आलं की लाटा प्रवाहाच्या तोंडावर येतात, आखूड आणि उभ्या होतात. पुढच्या लाटेआधी खोल खळगा, जहाजाचं नाक त्यात घुसतं आणि मग लाट वरून कोसळते. उपाय एकच: बॅरोमीटर पडून वारा ईशान्येचा नैर्ऋत्येला फिरायच्या आत २०० मीटरच्या रेषेच्या आत, किनाऱ्याकडे सरकायचं. फायद्याचा प्रवाह सोडवत नाही म्हणून जे उशीर करतात, ते अडकतात.

खाजण

त्याच दक्षिणेकडच्या लाटा केरळपर्यंत येतात, 'कल्लक्कडल'. आकाश निरभ्र, वारा नाही आणि समुद्र घरात. १८ सेकंदांच्या लाटांचा गट खोल पाण्यात ताशी ५० किलोमीटरने चालतो, दिवसाला १,२००. सहा हजार किलोमीटरवरचं वादळ पाच दिवसांनी दारात. त्यामुळे हैदराबादच्या इन्कॉइसला (समुद्राची माहिती आणि इशारे देणाऱ्या राष्ट्रीय केंद्राला) आधी सांगता येतं.

बेसाल्ट

त्सुनामीला मात्र एवढी सवड नसते. वेग खोलीवर: ४,००० मीटर पाण्यात ताशी सुमारे ७१० किलोमीटर, ५० मीटरवर ८०. २६ डिसेंबर २००४ ला भूकंप आपल्या वेळेनुसार सकाळी ६:२८ ला झाला, दोन-अडीच तासांत तमिळनाडू. तेव्हा या महासागरात इशारा यंत्रणाच नव्हती, हैदराबादचं केंद्र ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू झालं. तळावरचा दाबमापक काही हजार मीटर पाण्याखालून सेंटिमीटरभर चढ पकडतो, आवाजाने वर तरंगणाऱ्या बोयाला कळवतो, बोया उपग्रहाला. बिघडतं काय? बोयाभोवती मासे जमतात, मग होड्या त्यालाच दोर बांधतात आणि संवेदक तुटतात.

आणि पश्चिम किनारा सुरक्षित आहे असं समजू नये. नोव्हेंबर १९४५ च्या मकरान भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या, माणसंही गेली.

रेखांश

मॉरिशसकर यांचा आक्षेप मान्य करून विधान दुरुस्त करतो: १० अंश दक्षिणेच्या वरचा हिंदी महासागर. खाजण यांनी प्राणवायूचं जे सांगितलं ते माझ्या यादीत नव्हतं, आणि तोच सर्वांत पक्का पुरावा निघाला.

ज्यांना स्वतः बघायचंय त्यांनी 'अर्थ नलस्कूल' ही साइट उघडावी. मेनूत मोड 'ओशन', ॲनिमेट 'करंट्स', ओव्हरले पृष्ठ-तापमान. तारीख आधी १५ जानेवारी, मग १५ जुलै. सोमालियावर झूम करा. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की बाण उलटलेले आणि जुलैत किनाऱ्याला थंड पट्टा दिसतो. त्याच दोन तारखा पेरूच्या किनाऱ्यावर लावून बघा, बाण जागचे फारसे हलत नाहीत.

कोलंबीप्रेमी

बघितलं. जुलैत सोमालियाजवळ एक मोठा भोवराही दिसतोय, साधारण ५ ते १० उत्तरेला. तो काय?

खाजण

ग्रेट व्हर्ल. दरवर्षी मोसमी वाऱ्यांबरोबर येतो, वारे थांबल्यावरही काही आठवडे फिरत राहतो. ऑक्टोबरच्या तारखा लावून बघा, हळूहळू विरताना दिसेल.

मॉरिशसकर

क्षेत्रफळावरून भांडण व्हायच्या आत एक सूचना. १९५३ च्या आंतरराष्ट्रीय जलमापन संघटनेच्या हद्दींत हा महासागर अंटार्क्टिकापर्यंत जातो. २००० च्या मसुद्यात ६० दक्षिणेला तोडून दक्षिण महासागर वेगळा केला, पण तो मसुदा अधिकृतपणे मंजूर झालेला नाही. पश्चिमेची हद्द २० अंश पूर्व रेखांश, तो अगुल्हास भूशिरातून जातो. केप ऑफ गुड होप त्याच्या पश्चिमेला, म्हणजे अटलांटिकात.

चहाबिस्कीट

म्हणजे केपला जाऊन 'दोन महासागरांचा संगम' म्हणून फोटो टाकणारे सगळे चुकलेच. आमच्या नातेवाइकांना ही बातमी कोण देणार?